समुद्रावरचा कडा बघायला कुठं जावं? कोल्हापुरातून, आई आणि पोरांसह

रंकाळाकाठ:
मंडळी, डिसेंबरात शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी मिळतीय. दोन मुक्काम धरून कोकणात जायचं ठरवलंय. गणपतीपुळे झालंय, मालवण-तारकर्ली झालंय, वाळूत किल्ले करणं, नारळपाणी, बोटीत बसणं सगळं झालंय आणि ते छानच असतं, पण या वेळी मला वाळू नको, कडा पाहिजे. म्हणजे उंचावर उभं राहायचं, खाली खडकावर लाटा फुटतायत, समोर मोकळा समुद्र आणि मागं गर्दी नाही असं काहीतरी. लहानपणापासून पन्हाळ्याच्या सज्जाकोठीतून खाली बघत आलोय, तसंच खाली समुद्र असेल तर कसं वाटेल हे डोक्यात बसलंय.

सोबत आई आहे, सत्तरी ओलांडलीय, गुडघे दुखतात पण सपाटीला चालते. बायको आणि दोन पोरं, थोरली सातवीत, धाकटा पहिलीत आणि तो एका जागी थांबत नाही. गाडी आपली आहे, चालवणार मी एकटाच.

प्रश्न असे की रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला यातलं काय धरू? घाट कुठला घेऊ? आणि मुख्य म्हणजे आईला गाडीतून उतरल्यावर फार चालावं न लागता कडा आणि समुद्र दोन्ही दिसेल अशी जागा आहे का? जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी जरा सविस्तर लिहा.

गंगावेस_दूधकट्टा:
भावा, नादखुळा विषय काढलास. रत्नागिरीचा भगवती किल्ला. डोळं झाकून जा. म्हणजे कड्यावर उघडं ठेव, पण ठरवताना झाकून ठरव 😄

घाटवाट:
दूधकट्टाशी सहमत, पहिल्यांदा जाणाऱ्याला रत्नदुर्गच, म्हणजे तोच भगवती किल्ला, सांगीन मी. तीन बाजूंनी समुद्र आहे, आकार घोड्याच्या नालासारखा, एका टोकाला बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आणि दुसऱ्या टेकडीवर दीपगृह. गाडी बऱ्यापैकी वर जाते, पुढं पायऱ्या आहेत, आईंना हळूहळू जमतील. तटावरून एका बाजूला मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारीच्या बोटी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली कडा. दीपगृहावर दुपारनंतर ठराविक वेळेतच सोडतात, म्हणून आधी किल्ला आणि मग दीपगृह असं करू नका, त्या वेळेला तिथं हजर राहा, किल्ला काय पळून जात नाही.

आता घाट. आपल्याकडनं उतरायला पाच-सहा वाटा आहेत आणि प्रत्येकाला आपलाच घाट भारी वाटतो म्हणून थोडक्यात लिहितो. रत्नागिरीला मलकापूरवरनं आंबा घाट, साखरपा, साधारण १३० किलोमीटर. मिऱ्या-नागपूर महामार्गाचं रुंदीकरण त्यावरच चालू आहे त्यामुळं मधे मधे डायव्हर्जन, तेवढा वेळ धरून चला. राजापूरच्या बाजूला जायचं तर मलकापूरवरनंच अणुस्कुरा, खाली पाचल आणि मग ओणीला हायवे. देवगडला गगनबावडा, तिथनं करूळ किंवा भुईबावडा. कणकवलीला राधानगरी-दाजीपूर करत फोंडा. वेंगुर्ल्याला आजरा-आंबोली. करूळ रुंदीकरणासाठी बरेच महिने बंद होता, त्यामुळं निघायच्या आदल्या दिवशी गगनबावड्याला कुणाला तरी फोन करून विचारायची सवय आम्हाला लागलीय, तुम्हीही लावा.

तांबडा_रस्सा:
कडाच बघायचा तर हरिहरेश्वर. डोंगराच्या मागनं प्रदक्षिणेची वाट आहे, कातळ फोडून केलेल्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात आणि खालचा खडक मधाच्या पोळ्यासारखा जाळीजाळीचा झालाय. तसं दुसरीकडं बघितलं नाही.

घाटवाट:
@तांबडा_रस्सा, जागा अफाट आहे यात वादच नाही, पण ते रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात. कोल्हापुरातनं जायचं आणि यायचं म्हणजे तीनातले दोन दिवस गाडीतच. शिवाय ती प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते, भरतीला तिथं माणसं ओढली गेलीत. सत्तरीच्या आई आणि पहिलीतलं पोरगं घेऊन मी तरी उतरणार नाही.

तांबडा_रस्सा:
पटलं. मग रजा काढून जावा कधीतरी, पण जावाच.

देवगडकरीण:
देवगडचं नाव कुणी घेतलं नाही अजून! आमच्या देवगडाक येवा की. किल्ला सन १७०५ च्या सुमाराचा, कान्होजी आंग्र्यांच्या काळातला, त्यातच दीपगृह आहे आणि तिथून समुद्र असा पसरलेला दिसतो की बोलणं बंद होतं. दुसरी जागा पवनचक्क्यांची, तिथून खाली देवगडची अख्खी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दिसते, गाडीतून उतरलं की समोरच, आईंना एक पायरी चढायला नको. बसायला बाकडी आहेत. तिथून कुणकेश्वर जवळ, आता मिठमुंबरीच्या पुलामुळे वळसाही वाचतो. शंकराचं देऊळ अगदी लाटांच्या काठाला. आई खूश होतील ह्याची मी खात्री देते. आणि विजयदुर्ग तर आहेच, तिहेरी तटाचा.

डिसेंबरात आंबा नसतो तेवढं मात्र मनाची तयारी करून या, दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

भूगोलमास्तर:
रंकाळाकाठ, तुमची पन्हाळ्याची आठवण फार योग्य जागी आली आहे. पन्हाळ्याच्या माथ्यावर जो लालसर, भोकाभोकांचा दगड दिसतो तो जांभा, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच किनारी कड्यांचा वरचा थरही जांभाच. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांमुळं मूळच्या खडकातली सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं राहतात, म्हणून तो तांबडा. कोकणात याचे चिरे काढून घरं बांधतात. चिरा खाणीतून काढताना नरम असतो आणि हवा लागून घट्ट होत जातो.

पण तुम्हाला कड्यावर जायचं आहे म्हणून एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वर हा कडक जांभा आणि त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी मऊ, मातीसारखा झालेला थर असतो. समुद्र खालून तो मऊ थर खात जातो. वरचा जांभा काही काळ छज्जासारखा पुढं आलेला राहतो, आणि एक दिवस तुकडाच्या तुकडा खाली जातो. कड्याच्या पायथ्याशी घराएवढे धोंडे पडलेले दिसतात ना, ते वरचेच आहेत. म्हणजे तुम्ही ज्या कडेवर उभे आहात तिच्या खाली जमीन आहे की हवा हे वरून कळत नाही. पन्हाळ्याला तटबंदी आहे, कठडा आहे, इथं बहुतेक ठिकाणी काहीही नाही. मी विद्यार्थ्यांच्या सहली नेत असे तेव्हा कडेपासून दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर ठेवायचं असा नियम होता आणि त्यात कुणालाही सूट नव्हती, शिक्षकांनाही नाही.

मिसळ_कट:
मास्तर, शाळेत असं शिकवलं असतंत तर भूगोलात पास झालो असतो की ओ.

रंकाळाकाठ:
मास्तर, फार आभार. हे मला खरंच ठाऊक नव्हतं आणि धाकट्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. देवगडकरीण, पवनचक्क्यांची जागा आईसाठी टिपून ठेवली. पण गर्दीचं काय? डिसेंबरातला शनिवार-रविवार, रत्नागिरी आणि देवगड दोन्हीकडं माणूसच माणूस असेल ना?

खडपावरची:
माहेर राजापूर तालुक्यातलं, सासर कोल्हापुरात, त्यामुळे हा धागा बघून लिहिल्याशिवाय राहवेना.

तुम्ही जे वर्णन केलंय, उंचावर उभं राहायचं आणि खाली लाटा आणि मागं गर्दी नाही, ते म्हणजे कशेळी. अणुस्कुऱ्याने उतरून राजापूर, तिथून आडिवऱ्यावरून कशेळी. गावात कनकादित्याचं देऊळ आहे, सूर्याचं, आपल्याकडे सूर्याची देवळं फार नाहीत. आमच्याकडे सांगतात ती गोष्ट अशी की एक व्यापारी प्रभासपाटणहून आदित्याची मूर्ती गलबतात घेऊन चालला होता, इथं समुद्रात गलबत अडलं ते पुढे हलेना, शेवटी त्याने मूर्ती किनाऱ्याच्या घळीत ठेवली आणि मग गलबत निघालं. पुढे गावातल्या कनका नावाच्या बाईला दृष्टांत झाला आणि मूर्ती देवळात आली. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो. ती घळ म्हणजे देवघळी आणि तुमचा कडा तिथेच.

गाडीतून उतरलात की सड्यावरून, म्हणजे कड्याच्या माथ्यावरच्या मोकळ्या कातळावरून, थोडं सपाट चालायचं, आईंना जमेल. दोन कड्यांच्या मध्ये खाली छोटीशी पुळण दिसते. लाट आत शिरते तेव्हा आधी पाणी पांढरं झालेलं दिसतं आणि आवाज नंतर वर येतो, ढब्ब असा, पायातून जाणवतो. खाली उतरायला वाट आहे पण उतार तीव्र आहे, आईंना वरच बसू दे, एक घडीची खुर्ची गाडीत टाका.

मास्तरांनी अंतराचं सांगितलं ते सोळा आणे खरं, त्यात माझी एक भर. डिसेंबरात सड्यावर गुडघाभर गवत वाळलेलं असतं, सोनेरी, फोटोत फार छान दिसतं. कड्याच्या जवळ गेलात की त्या गवतात एखादी रेघ दिसते जिथं गवत जरा जास्त हिरवं आहे आणि ती रेघ कडेला समांतर चाललीय. वाकून बघितलं तर जांभ्यात बोटभर रुंदीची फट असते, फटीत ओल टिकते म्हणून तिथलं गवत हिरवं राहतं. त्या फटीच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. तो तुकडा सुटायच्या वाटेवर आहे. आमचे आजोबा गुरं सुद्धा त्या रेघेच्या पलीकडे जाऊ देत नसत.

भूगोलमास्तर:
खडपावरची, हे तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. भेगेची खूण पुस्तकात असते, पण हिरव्या गवताची खूण गुराख्याकडूनच कळते.

निवांतपणा:
एक विनंती. कशेळी-देवघळीचं नाव असं उघड लिहू नका. आरे-वारेचं काय झालं बघितलंत ना? रत्नागिरी-गणपतीपुळे सागरी रस्त्यावर टेकाडावरून दोन्ही पुळणी एका नजरेत दिसायच्या, शांत जागा होती. आता गाड्यांची रांग, कणसांची ताटं, बाटल्या. चार जागा तरी राहू द्या.

गंगावेस_दूधकट्टा:
अहो पण मग आम्ही बघायचंच न्हाई का? रत्नागिरीचे तेवढे कडे बघायचे आणि हा कशेळीचा न बघताच यायचं? देवानं कडा केला तो काय कुणाच्या नावावर सातबारा चढवून केला न्हाई.

निवांतपणा:
बघू नका असं म्हटलेलंच नाही. बघून तोंडी सांगा, ज्याला खरंच ओढ आहे त्याला. उघड लिहिलं की पुढच्या शनिवारी स्पीकर लावलेल्या गाड्या येतात.

खडपावरची:
निवांतपणा, तुमची कळकळ समजते, पण गावाच्या बाजूने सांगते. नाव तर आधीच सगळीकडे पोचलंय. गावातल्या पोरांनी मुंबईला न जाता राहायची सोय केलीय, दोन खोल्या, घरचं जेवण, त्यांचं पोट त्याच्यावर आहे. माणसं यावीत असंच आम्हाला वाटतं. फक्त येताना गावात राहा, गावात जेवा, आणि प्लास्टिक आणलंत तर परत न्या, सड्यावर कचरा उचलायला कुणी येत नाही. वाऱ्याने तो थेट खाली समुद्रात जातो. स्पीकरवाल्याला गाव स्वतःच बघून घेतं, त्याची काळजी नको.

निवांतपणा:
गावाचंच म्हणणं असं असेल तर मी माझं मागे घेतो. गावात राहा हे मात्र ठळक करून लिहायला हवं.

दुर्बीण:
त्याच पट्ट्यात जाताय तर कशेळीचं कातळशिल्प चुकवू नका. सड्यावर जांभ्यात कोरलेला भलामोठा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पोरांना सांगा की कडेनं फिरून बघायचं, रेघांवर पाय द्यायचा नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, सूर्य डोक्यावर असला की रेघा दिसतच नाहीत, तिरप्या उन्हात सावली धरतात आणि मग हत्ती उठून दिसतो.

आणि दुर्बीण असेल तर घ्या. कड्याच्या बाजूनं पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालताना दिसायची चांगली शक्यता असते. एरवी पक्षी आपल्या डोक्यावर असतो, कड्यावरनं तो आपल्या खाली उडत असतो आणि त्याची पाठ दिसते. कडा आवडण्याचं माझं हे एकच कारण पुरेसं आहे.

सीबीएस_लाल_डबा:
गाडीचं ठीक आहे पण ज्यांच्याकडं नाही त्यांनी हा धागा वाचून हिरमुसू नये म्हणून लिहितो. सीबीएसवरनं, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरनं, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला सगळीकडं एसटी आहे. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं. रत्नागिरी स्टँडवरनं भगवतीकडं रिक्षा मिळते. घाटात एसटीच्या खिडकीतनं जे दिसतं ते गाडी चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही, तो बिचारा वळण बघत असतो.

आणि कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे झाली असती तर हा घाटाचा प्रश्नच आला नसता!

मिसळ_कट:
वैभववाडी रेल्वेचा विषय निघाला म्हणजे धागा रीतसर कोल्हापूरचा झाला 🙏

घाटवाट:
ती लाईन झाली तर पहिल्या गाडीला सगळे मिळून जाऊ, डबा मी आणतो.

विजयदुर्गप्रेमी:
देवगडकरीण यांनी विजयदुर्गाचं नाव एका ओळीत उरकलं म्हणून. तिथं हेलियमचा शोध लागला, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात. किल्ल्यात साहेबाचे ओटे, म्हणजे ते ग्रहण बघायला बांधले म्हणतात ते चौथरे, दाखवतात. पोरांना ते नक्की दाखवा.

भूगोलमास्तर:
थोडं नेमकं सांगतो, कारण पोरं शाळेत जाऊन सांगणार. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे बरोबर. त्यातली गाजलेली निरीक्षणं फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन यांनी गुंटूरहून केली. लॉकियर यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली पिवळी रेघ, जिच्यावरून हेलियम ओळखला गेला, ती त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. दोघांचं श्रेय मिळून आहे. विजयदुर्ग त्याच्या तटबंदीसाठी आणि आरमारासाठी बघावा, तेवढं कारण भरपूर आहे.

विजयदुर्गप्रेमी:
मास्तर, धन्यवाद. आम्ही लहानपणापासून गाईडकडून तेच ऐकत आलो. तटबंदीबद्दल एकदम मान्य.

पुळणकर:
सगळे जागा सांगताहेत, वेळ कुणी सांगत नाही. कडा सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा, आणि भरती-ओहोटी बघितल्याशिवाय गेलात तर अर्धं बघून याल.

मोबाईल नको, ॲप नको, भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. म्हणजे चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमाराला. तिथनं सहा तास पुढं ओहोटी. हा हिशेब मुंबईकडचा धरा, रत्नागिरी-देवगडला भरती थोडी आधी येते, आणि रोज साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढं सरकते.

आता तुमच्या कामाचं. पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपास गेलात तर उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. दुपारी कड्यावर लाटा जोरात फुटताना दिसतील, पण सूर्यास्ताला ओहोटी, खालची खडपं, म्हणजे पाण्यातले खडक, उघडी पडलेली. ती खडपं बघून खाली उतरायचा मोह होतो. उतरा, पण पाणी फिरायच्या आत वर या, कारण कड्याच्या पायथ्याशी मागं पळायला जागा नसते. अष्टमीच्या आसपास गेलात तर सूर्यास्ताच्या वेळेला भरती मिळते, फक्त ती भांगाची, म्हणजे पाणी फार चढत नाही. आईंसोबत, पोरांसोबत शांत बसायला मला तरी अष्टमीच बरी वाटते. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, पाचला जागेवर बसलेलं असावं.

भरतीला जोर बघायचा असेल तर हेदवीची बामणघळ. खडकात अरुंद चीर आहे, भरतीची लाट आत कोंडली की पाणी वर उसळतं. पण ती गुहागर तालुक्यात, जयगडहून तवसाळला फेरीबोटीनं पलीकडं जावं लागेल. या खेपेला नको, पुढच्या वेळी धरा.

रंकाळाकाठ:
पुळणकर, हे सोन्यासारखं आहे. आईला पाऊणपटीचं वाचून दाखवलं, तिनं लगेच कॅलेंडर काढलं. आम्ही जाणार तो शनिवार सप्तमीचा निघाला, म्हणजे सव्वापाच! भरती आणि सूर्यास्त जवळजवळ एकत्रच.

पुळणकर:
मग ठरलंच. तुमच्याकडं थोडी आधी येईल, पाचच्या आतच पाणी भरलेलं असेल. चारलाच जाऊन बसा.

तांबडा_रस्सा:
जेवणाचं कुणीच लिहिना. बायको-पोरं मासे खातात का आणि आईंचं काय?

रंकाळाकाठ:
आई शाकाहारी, बाकी सगळे सगळं खातात. आईला मासळीचा वास सोसतो पण तिखट मात्र आपल्याकडचंच लागतं, कोकणातलं जेवण तिला गोडूस वाटतं.

खडपावरची:
मग आधी फोन करून सांगा, गावातल्या घरात आयत्या वेळी जेवण नसतं, माणसं मोजून भात टाकतात. आईंसाठी कुळथाची पिठी, आंबोळी-चटणी, सोलकढी सांगा. आणि चटणीची बाटली बरोबर ठेवा, मी माहेरी जाताना सासरची कांदा-लसूण चटणी घेऊन जाते, आता माहेरचेच मागून घेतात.

गंगावेस_दूधकट्टा:
कांदा-लसूण चटणी घेऊन कोकण जिंकून आलेली पहिली सून 👏

पावसाळी_चप्पल:
विषयाला सोडून विचारतो. हेच पावसाळ्यात केलं तर? कडा, धुकं, धो धो पाऊस, खवळलेला समुद्र, भारी दिसत असेल ना?

खडपावरची:
दिसतं भारीच. सड्यावर श्रावण-भाद्रपदात इवलीइवली फुलं येतात, सीतेची आसवं निळीजांभळी पसरलेली असतात, त्यासाठी मुद्दाम या. पण कड्याच्या बाजूला नाही. जांभ्यावर शेवाळ धरतं, वारा ढकलतो, आणि छत्री धरली तर वारा माणसालाच उचलतो. होडीवाले सुद्धा १ जूनपासून दोन महिने समुद्रात जात नाहीत. लांबून, देवळाच्या किंवा किल्ल्याच्या तटाच्या आतून बघा.

घाटवाट:
आणि पावसात आंबा, अणुस्कुरा, करूळ कुठंही दरड येऊ शकते. धुक्यात समोरचा टेललाईट सुद्धा दिसत नाही. सप्टेंबरच्या शेवटापर्यंत थांबलेलं बरं.

रंकाळाकाठ:
मंडळी, सगळं वाचून एक बेत केलाय, चुकत असेल तर सांगा.

शनिवारी पहाटे निघून मलकापूर, अणुस्कुरा, राजापूर, आडिवरे. आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन, जेवण, मुक्कामाच्या घरी सामान टाकून जरा आडवं व्हायचं, चारला देवघळी. आई घडीच्या खुर्चीत, धाकट्याचा हात बायको आणि मी पाळीपाळीनं धरणार, थोरलीला हिरव्या रेघेचं समजावून सांगितलंय आणि तिनं ते वहीत काढून ठेवलंय. रविवारी सकाळी तिरप्या उन्हात कातळशिल्प, मग कनकादित्य. तिथनं आंबोळगड करावा की सरळ गावखडी, पूर्णगड, पावस करत रत्नागिरी गाठावी हे ठरत नाहीय. सोमवारी सकाळी भगवती किल्ला आणि आंबा घाटानं परत. देवगडकरीण, देवगड या खेपेला बसत नाही, पण आईनं कुणकेश्वराचं नाव ऐकलंय म्हणजे ते होणारच आहे.

देवगडकरीण:
रुसले नाही हो, महाशिवरात्रीला कुणकेश्वराची जत्रा असते, तेव्हा या. नाहीतर एप्रिलात, आंबे घेऊन जा.

दुर्बीण:
आंबोळगड सोडू नका असं मी म्हणेन. गगनगिरी महाराजांचा आश्रम तिथं कड्यावरच आहे, समुद्र पायाशी. बावड्याला गगनगडावरचा मठ आईंनी बघितला असेलच, त्यांना तिथं बसायला आवडेल.

पुळणकर:
दुर्बीण, जागा चांगली आहे पण ती कशेळीच्या दक्षिणेला आणि रत्नागिरी उत्तरेला. एकदा खाली जायचं आणि तोच रस्ता परत वर यायचा, एकटा माणूस चालवणार. माझं मत, रविवारी आंबोळगड नको. गावखडीच्या सुरूच्या बनात पोरांना तासभर सोडा, कड्यावर हात धरून बसवलेली पोरं आहेत, त्यांना पळायला जागा पाहिजे. तिथनं मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की पूर्णगड. किल्ला छोटा आहे, समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर आलात की समोर पाणीच. मग पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर, आईंना तिथं निवांत बसता येईल, आणि दिवस मावळायच्या आत रत्नागिरी.

खडपावरची:
पुळणकरांचं बरोबर आहे. दोन दिवसांत एक कडा नीट बघून होतो, चार बघायला गेलं की चारही गाडीतून बघितले जातात. आंबोळगडासाठी आईंना घेऊन वेगळे या, माझी आईपण येईल सोबत.

रंकाळाकाठ:
ठरलं मग, आंबोळगड काढला. गावखडी-पूर्णगड-पावस पक्कं. पादत्राणांचं काय? पोरांना सँडल चालतील की बूट?

भूगोलमास्तर:
बूट, मळलेले चालतील पण तळ घासलेला नको. जांभ्याचे सुटे बारीक खडे गोट्यांसारखे गोल असतात, उतारावर त्यांच्यावरून पाय सटकतो. पडल्यावर गुडघा सोलतोच, म्हणून पोरांना फुल पँट.

सीबीएस_लाल_डबा:
आणि गाडीची टाकी राजापुरात भरून घ्या, पुढं आतल्या रस्त्याला पंप शोधत बसायला नको. मोबाईलची रेंजही सड्यावर ये-जा करते, मुक्कामाच्या घराचा रस्ता आधीच विचारून कागदावर लिहून घ्या.

घाटवाट:
परतीचं एक राहिलं. सोमवारी भगवती किल्ल्यावर रमू नका, दुपारचं जेवण झालं की निघाच. आंबा घाट उजेडात चढून व्हावा. अंधार पडला की घाटमाथ्यावर गवे रस्त्यावर येतात, काळा जनावर, काळा रस्ता, हेडलाईटमध्ये फक्त डोळे आणि पायाचे पांढरे मोजे दिसतात. दिसला तर हॉर्न मारू नका, लाईट डिपरवर ठेवून थांबा, तो जातो आपल्या वाटेनं. मलकापुरात चहाला थांबलात की तिथनं पुढं घर आलंच.

रंकाळाकाठ:
लिहून घेतलं. एक वाजता रत्नागिरी सोडायची. आईनं कांदा-लसूण चटणीची बाटली आत्ताच बाजूला काढून ठेवलीय, एक आपल्यासाठी आणि एक कशेळीच्या घरासाठी.